आवड आणि निवाडा : तीन इंग्रजी कवितांच्या निमित्ताने

'ही कविता मला आवडते' आणि 'ही कविता चांगली आहे' ही दोन विधाने आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः पहिले विधान वाचकाविषयी असते, दुसरे कवितेविषयी. दुसऱ्या विधानात इतरांच्या संमतीची अपेक्षा गृहीत असते. सुखद आणि सुंदर यांतील भेद सांगताना कांटने 1790 मध्ये या अपेक्षेवरच बोट ठेवले होते. संमती मागणाऱ्याने कवितेतच दाखवता येतील अशी कारणे द्यावीत, हे त्यातून ओघाने येते. परंतु वाचक आणि कविता यांच्यात भाषेचे, भूगोलाचे आणि सत्तेचे अंतर असते तेव्हा हा प्रश्न निव्वळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. तो नैतिक होतो. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या गावी इंग्रजी कविता वाचणाऱ्याच्या संदर्भात तो तपासून पाहण्याजोगा आहे.

सेलू 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. म्हणजे येथील मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी कविता दुहेरी अंतरावरून भेटली. केशवसुतांनी 1892 मध्ये सुनीत मराठीत आणले ते स्वतःच्या गरजेपोटी; येथे मात्र कवितेबरोबर तिची स्तुतीही तयार होऊनच आली. आवडण्याआधी वाखाणावे लागणे यातून जन्मते ती खोटी आवड. ती केवळ परिघावरच्या गावाची व्याधी नव्हे. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे झाकून कविता ठेवल्या, तेव्हा त्यांचीही फजिती झाली, हे त्यांच्या 1929 च्या ग्रंथात नमूद आहे. हीन अभिरुची सुधारता येते, कारण ती निदान स्वतःची असते. खोट्या आवडीला सुधारायला पायाच नसतो.

आता तीन कविता शेजारी ठेवू. थॉमस ग्रेची ग्रामीण दफनभूमीतील विलापिका (1751), कीट्‌सची शरदऋतूवरील कविता (1819) आणि किपलिंगची 'इफ' (1910). बीबीसीने 1995 मध्ये घेतलेल्या कौलात ब्रिटिश वाचकांनी पहिली पसंती 'इफ'ला दिली. हा कौल हसून सोडून देण्यासारखा नाही. संकटात तोल कसा राखावा हे ती सांगते. सुभाषिते पाठ करणाऱ्या आपल्या परंपरेलाही ही मागणी परकी नाही. तथापि, तिचा उपदेश कवितेबाहेर काढूनही जवळजवळ तसाच उरतो, आणि कविता म्हणून तिची मर्यादा तेथे दिसते. ग्रेची कविता याहून सखोल आहे. अप्रसिद्ध शेतकऱ्यांच्या थडग्यांपाशी ती थांबते, त्यांच्या वाया गेलेल्या सामर्थ्याची आठवण ठेवते. म्हणूनच खेड्यातील वाचकाला ती आपली वाटते. पण विल्यम एम्पसन यांनी 1935 मध्ये दाखवून दिले त्याप्रमाणे, ती माणसांनी केलेल्या व्यवस्थेला निसर्गनियमाचे रूप देते. गरिबांविषयी बोलता बोलता ती संपन्नांचे सांत्वन करते.

कीट्‌सची कविता कोणालाही उद्देशून सांत्वन वा उपदेश करीत नाही. कदाचित म्हणूनच तिला कमी वाचक 'आपली' म्हणतील. तिच्यातील सफरचंदे आणि त्यांचा रस काढणारा घाणा दुधनाकाठी अनोळखी आहेत. मात्र अर्धवट कापलेले शेत, उफणणी आणि डोक्यावर भार घेऊन ओढा ओलांडणारी सरवा वेचणारी व्यक्ती अनोळखी नाहीत. ज्वारीची सुगी पाहिलेल्याला 'सरवा' हा शब्द कोशात शोधावा लागत नाही. एवढेच नव्हे, सरवा ही शोभा नसून भूमिहीनाची गरज असते, हेही त्याला ठाऊक असते. इंग्लंडमधील न्यायालयाने सरवा वेचण्याचा सार्वत्रिक हक्क 1788 मध्येच नाकारला होता. तेव्हा या समृद्धीत भूक कोठे आहे, असे सेलूच्या वाचकाने विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा ठरत नाही. कवितेतील इतिहासाच्या मौनाविषयी इंग्रजी समीक्षेने विसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केलेला प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न विचारूनही कविता टिकते काय? माझ्या मते टिकते. तिची लय भाराने संथ झालेली आहे. डोक्यावरच्या ओझ्याचा तोल तिच्या वाक्यरचनेत सांभाळलेला आहे. श्रम तेथे विषय म्हणून कमी आणि गती म्हणून अधिक आहेत. शेवटी संपत आलेल्या दिवसाला ती खोटा दिलासा देत नाही. ग्रे जे सांगून शमवतो, ते कीट्‌स न सांगता उघडे ठेवतो.

यावर देशीवादी आक्षेप असा येईल, की परक्या ऋतूची कविता आपण का तोलावी? परिचय हे आस्वादाचे दार आहे, हे या आक्षेपातील तथ्य मान्यच केले पाहिजे. परंतु दार म्हणजे घर नव्हे. परिचयालाच निकष मानले तर ग्रे आपोआप श्रेष्ठ ठरेल आणि त्याच्या सांत्वनातील लबाडी आपल्याला दिसणारही नाही. उलट, परिचय बाजूला सारून स्तुती पाठ करायला लावली, तर सरव्याचे ज्ञान वाचकाकडे असूनही निरुपयोगी ठरेल.

म्हणून शिक्षकाला विद्यार्थ्याची आवड बदलून देण्याचा अधिकार नाही. त्या आवडीची कारणे मागण्याचा आहे. 'इफ' आवडते म्हणणाऱ्याने ती का आवडते हे कवितेवर बोट ठेवून सांगावे, आणि कीट्‌स थोर म्हणणाऱ्यावरही तेच बंधन असावे. या समान बंधनातच निवाड्याची नैतिकता आहे. ते पाळून कोणी अखेरीस किपलिंगचीच निवड केली, तरी ती निवड त्याची स्वतःची असेल. आणि तिच्याशी वाद घालता येईल.