कुमारीचं कंकण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त हो, मार्गशीर्षात दत्तजयंती येते, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी घरांत म्हातारी माणसं आणि नातवंडंच उरलेली असतात. कर्ती पोरं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. माझा मुलगा आणि सूनही जातात.

मागच्या वर्षी एका रात्री फोनवर व्हिडिओ आला. उसाची ट्रॉली उलटलेली! छाती धडधडू लागली, हात कापू लागले. मुलाचा फोन लागेना. मग मी काय केलं? तोच व्हिडिओ पाच ग्रुपवर पाठवला. पहाटे शेजारची म्हातारी रडत दारात आली. तिचा लेक त्याच टोळीत. नातवानं तिला तो दाखवला होता. दिवस वर आल्यावर मुलाचा फोन आला, "दादा, इथं रेंज नव्हती. सगळे बरे आहोत." व्हिडिओ जुनाच निघाला. माझी झोप गेली ते सोडा, पण त्या माउलीच्या जिवाला मी घोर लावला. हा दोष माझाच.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत एक कुमारी आहे. घरी पाहुणे आले, ती साळी कांडू लागली आणि हातातली कंकणं वाजू लागली. तिनं एकेक उतरवलं. दोन उरली तरी आवाज होईना का! शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवलं. तिनं कांडण थांबवलं नाही. आवाज तेवढा थांबवला.

मीही कंकणं उतरवली. ग्रुपचे आवाज बंद केले. दिवेलागणीला फोन कोनाड्यात ठेवतो. एकच कंकण ठेवलंय, मुलाचा रात्री आठचा फोन.

आपल्या अंबाजोगाईचे दत्तभक्त दासोपंत (१५५१–१६१५). त्यांनी सुमारे ४० फूट लांब पासोडीवर पंचीकरण लिहिलं. पंचमहाभूतांचा हा देह कसा घडला, त्याचा विचार. जगाची खबर घेण्याआधी या देहाची खबर घ्यावी, हे मला त्यातून उमजलं. म्हणून देवापुढं बसतो. श्वास सावकाश घेतो आणि 'दिगंबरा' म्हणत लांबवर सोडतो. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, देहाची रचनाच तशी आहे. मनगटावर बोटं ठेवून पाहा. बीपीची गोळी मात्र सोडू नका. नाम आणि गोळी यांचं भांडण नाही.

यंदाही तसले व्हिडिओ येतात. मी ते पुढं पाठवत नाही. शेजारची माउली आठ वाजता आमच्या ओट्यावर येऊन बसते. माझं बोलणं झालं की मुलगा तिच्या लेकाकडं फोन देतो. दोघांचंही एका फोनवर भागतं.

दत्तजयंतीला देवापुढं नारळ फोडालच. त्यासोबत एक कंकणही उतरवून ठेवा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!