अन्न अंगी लागले पाहिजे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माची कथा ऐकतो. पाळणा हलतो, सुंठवडा वाटतात, आरती होते. कथा सगळ्यांना पाठ आहे. तिन्ही देव अत्रिऋषींच्या आश्रमात भिक्षेला आले, त्यांनी अवघड अट घातली आणि अनसूयामातेने तपाच्या बळावर त्यांची तान्ही बाळे केली. मग त्यांना दूध पाजले. म्हणजे दत्तजन्माच्या मुळाशी भिक्षा आहे, एक जेवण आहे. आणखी एक गोष्ट बघा. बाळे झाल्यावर मातेने त्यांच्यापुढे पक्वान्नांचे ताट मांडले नाही. खाणारा कोण, त्याच्या पोटाला काय सोसेल, हे तिने आधी पाहिले.

यातूनच एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे, तो भक्तजनांपुढे ठेवतो. अन्नदान करणाऱ्याचे कर्तव्य कुठे संपते? ताटात वाढले की संपते? पोट भरले की? का ते अन्न अंगी लागेपर्यंत?

'अंगी लागणे' हा शब्द आपल्या घरातलाच. "पोरगं खातं पुष्कळ, पण अंगी लागत नाही," असं आजी म्हणायची. पोट भरणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे, हे तिला शाळेत न जाता कळत होते.

मी कॉमर्सचा पदवीधर, जन्म गेला बँकेच्या काउंटरवर. त्यामुळे कुठेही गेलो तरी जमा-नावे बघायची खोड आहे. आमच्या पडेगावातून पुढे दौलताबाद जवळच. त्या देवगिरी किल्ल्यावर दत्तभक्त जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि त्यांच्याजवळ राहून एकनाथ महाराजांनी हिशोबाचे काम केले. एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही आख्यायिका कोणाला ठाऊक नाही? आम्हा बँकवाल्यांना ती फार जवळची. संध्याकाळी खाती जुळल्याशिवाय आम्हालाही घर दिसायचे नाही.

त्या सवयीने मी भंडाऱ्याचा हिशोब बघतो. तांदूळ किती पोती, तेलाचे डबे किती, किती पंगती उठल्या, हे सगळे वहीत असते. ही झाली नावेची बाजू. जमेच्या बाजूला काय? खाणाऱ्याच्या अंगी काय लागले, याची नोंद कुठेच नसते. नाथांनी शोधलेली पै मला तिथे हरवलेली दिसते.

पडेगावच्या आसपास आता सगळीकडे नव्या वसाहती उठत आहेत. बांधकामावरची कुटुंबे तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. दत्तजयंतीच्या पंगतीला ती माणसे लेकरांना घेऊन येतात. एका वर्षी मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. एक बाई मांडीवर दीडेक वर्षाचे लेकरू घेऊन बसली होती. वरणाचे वरचे पाणी बोटाने त्याच्या तोंडाला लावत होती. शेजारच्या पंगतीत एक अंगणवाडी सेविका वाढत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "अगं, नुसतं पाणी नको देऊ त्याला. त्याचं पोट वाटीएवढं, पाण्यानंच भरलं तर अन्न कुठं जाईल? काका, तुम्ही ओगराळं तळाला घाला. घट्ट वरण वाढा. त्यात भात कुस्करून, वर तुपाची धार घाल बाई."

मी वाढले. लेकराने खाल्ले. पण ती बाई हळूच म्हणाली, "इथं ठीक आहे ताई. घरी घट्ट वरण कुठलं? डाळ मूठभर अन् खाणारी सहा जणं. पाणीच वाढवावं लागतं."

सेविकाबाईंना यावर बोलता आले नाही, मलाही नाही. त्या सांगत होत्या ते शंभर टक्के खरे होते. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर बाळाला घट्टसर, चमच्यावरून ओघळणार नाही असे अन्न दिवसातून तीन-चार वेळा लागते. पण त्या बाईचे उत्तरही तितकेच खरे होते.

इथे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गरिबाला शिकवा, वाटू नका. वाटल्याने माणूस आळशी होतो. दुसरा म्हणतो, भुकेल्याला व्याख्यान कसले देता, आधी वाढा. दोघांनीही गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा आठवावी. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाकडे भिक्षा मिळाली नाही की दारच्या घेवड्याच्या शेंगांवर घर चाले. श्रीगुरू भिक्षेला आले, शेंगांची भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून गेले. बायको-पोरे रडू लागली. मग वेलाचे मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडला.

"परावलंबन तोडा" म्हणणाऱ्यांना ही कथा आवडते. पण वेल उपटणाऱ्या श्रीगुरूंना खाली कुंभ आहे हे माहीत होते. आपल्याला ते माहीत नसते. "रोज दूध, फळ, डाळ खा" एवढे सांगून मोकळे होणे म्हणजे खाली कुंभ नसताना वेल उपटणे. त्या बाईला ज्ञान देऊन आपण निघून गेलो असतो, तर तिच्या पदरात पडले असते ते फक्त अपराधीपण.

आता दुसरा पक्ष. नुसते वाढून भागते का? बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोरगा होतो. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलोच्या भाकरी मराठवाड्याने खाल्ल्या. त्या वेळी जीव वाचवणे हेच मोठे काम होते. आज धान्याची स्थिती तशी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली आणि निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. पोती पोचली, पण अंगी पुरेसे लागले नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होते. ब्राह्मणाला, जोग्याला शिधा द्यायचा तर त्यात पीठ, तांदूळ, डाळ, गूळ, तूप, मीठ, भाजी असायची. नुसते तांदूळ दिले तर तो शिधा अपुरा. धान्यात जे कमी असते ते डाळीत मिळते आणि डाळीत कमी ते धान्यात. रेशनच्या पिशवीत मात्र गहू आणि तांदूळच. २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले, पुढेही काही सणांना दिले. सण गोड झाला, हे चांगलेच. पण लेकराला वरण रोज लागते.

जमेची बाजू लिहिण्याचे काम आपल्याच शहरातून झाले आहे, हे अभिमानाने सांगतो. २००५ साली तेव्हाच्या औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. सनदी अधिकारी व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख. मुलांची वजने नियमित घ्या आणि ती खरी लिहा, यावर त्या कामाचा भर होता. २००५-०६ च्या पाहणीत राज्यातली दोन वर्षांखालची शंभरातली सुमारे ३९ मुले खुजी होती, २०१२ मध्ये हा आकडा २४ च्या आसपास आला. याला कारणे अनेक असतील. पण आधी खरे लिहिले, मग इलाज केला, ही रीत मला नाथांच्या वहीसारखी वाटते.

कोणी म्हणेल, "भिक्षेत चिकित्सा कशाला? भुकेला आला, वाढले, ईश्वरार्पण केले, संपले." भाव खरा आहे. भुकेल्याची जात, गाव, पात्रता बघू नये, हे मलाही मान्य. पितरांसाठी केलेले अन्न भुकेल्यांना वाढणाऱ्या नाथांनी ते विचारले नाही. देवगिरीवर तर दत्तप्रभू मलंगाच्या वेषात आले, अशी कथा आहे. पण 'तू कोण' हे न विचारणे वेगळे आणि 'तुला काय लागते' हे न विचारणे वेगळे. पहिल्यात समता आहे, दुसऱ्यात निष्काळजीपणा. गीतेने सात्त्विक दानासाठी देश, काळ, पात्र बघायला सांगितले. मला वाटते, दीड वर्षाच्या पात्रात काय मावते, हेही त्यातच आले. देवळाच्या मुदपाकखान्यात अंडे शिजणार नाही, ते योग्यच. पण शाळेत, अंगणवाडीत एखाद्या लेकराला मिळाले तर आपण नाक मुरडू नये. सोवळे आपल्या ताटापुरते असावे.

मग करायचे काय? अवधूतांच्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे. ती एकच फूल ओरबाडत नाही, थोडे थोडे घेते. तीच माधुकरी. आपण ती उलटी करू. दर गुरुवारी प्रत्येक घराने मूठभर तूर किंवा मूग डब्यात टाकावी. मुठीत साधारण ५० ग्रॅम धरा. चार गुरुवारचे २०० ग्रॅम, शंभर घरांचे २० किलो. लहान लेकराला दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला किलोच्या आत डाळ लागते. म्हणजे वीस लेकरांची सोय. पण घरात गेलेली डाळ एकट्या लेकराची राहत नाही, सगळ्यांच्या ताटात जाते. म्हणून दहाच धरू. ती कोणाकडे द्यायची हे अंगणवाडी सेविकेला विचारावे, कारण वजनाची वही तिच्याकडे असते. डाळीबरोबर तिचे दोन शब्दही जातील: घट्ट वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू, जेवताना चहा नको. डाळ घरात असली की ते शब्द टोचत नाहीत.

दुसरे काम आम्हा निवृत्तांचे. गावाकडचे रेशनकार्ड इथल्या दुकानातही चालते, हे बाहेरून आलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, तेही नाही. फॉर्म भरणे, आधार जोडणे, खाते उघडून देणे, हे आम्हाला डोळे मिटून येते. रेशन ही भिक्षा नाही, तो हक्क आहे. हक्क मिळवून देणे हेही अन्नदानच, आणि त्यात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

दुपारची झोळी घेऊन दारोदार फिरणारे दैवत आपले. देव स्वतः मागतो, त्यामुळे मागणाऱ्याला कमी लेखायची सोयच त्याने ठेवली नाही. आता जमेची बाजू लिहिणे आपल्या हातात आहे. यंदाच्या भंडाऱ्याच्या वहीत पंगतींच्या रकान्याशेजारी एक रकाना रिकामा सोडावा, ही व्यवस्थापक मंडळींना विनंती. वर्षभर किती लेकरांच्या घरी डाळ पोचली आणि त्यांतल्या किती जणांचे वजन वाढले, ते पुढच्या दत्तजयंतीला त्यात लिहू.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥