चाक खोटं बोलत नाही

मामाकडं एक लाकडी चाक होतं. त्यावर बारा चित्रं रंगवलेली: छत्री, ससा, कबूतर, गुलाब वगैरे. जत्रा आली की तो ते टेम्पोत टाकून निघायचा. लोक त्याला सोरट म्हणायचे. एक रुपया लावायचा, आपलं चित्र लागलं तर दहा रुपये. मी सुट्टीत त्याच्यासोबत जाऊन चिल्लर मोजायचो. "चाकात खोट नाही. पायजे तर तूच फिरव," असं मामा गिऱ्हाइकाला सांगायचा आणि ते खरंही होतं. पण मला किंवा स्वतःच्या पोरांना त्यानं कधी एक रुपया लावू दिला नाही. हात पुढं केला की चापट बसायची.

आता मी कसबा बावड्यात अकरावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेतो. काही वर्षांपूर्वी राजाराम बंधाऱ्यावर बसलो असताना मावसभावानं फोन पुढं केला. "दादा, ह्ये रुलेट खरं असतंय का रं?"

मला विषय आवडीचा. मी सुरू झालो. रुलेट म्हणजे फ्रेंचमध्ये छोटं चाक. सतराव्या शतकात पास्कल हा गणिती कायम फिरत राहणारं यंत्र शोधत होता, त्यातून हे चाक निघालं अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पॅले रॉयालमध्ये ते फिरत होतं. तेव्हा त्यात १ ते ३६ आकडे आणि दोन शून्यं असायची. १८४३ मध्ये जर्मनीतल्या बाड होम्बुर्गला ब्लां बंधूंनी एक शून्य काढून टाकलं. मालकाचा वाटा जवळपास निम्म्यावर आला, पण गिऱ्हाईक वाढलं.

मग कागदावर हिशोब मांडला. घरं ३७. आकडा लागला तर लावलेल्या शंभरासकट ३६०० मिळतात. सगळ्या घरांवर शंभर-शंभर लावले तर ३७०० जातात, ३६०० येतात. मालकाचा वाटा २.७ टक्के. "म्हणजे चाक खरं असेल तर यात फसवणूक नाही," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली.

त्या हंगामातलं उसाचं बिल, ८६ हजार, दोन महिन्यांत गेलं. वहिनीला कळलं तेव्हा तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "दादा, तूच म्हणाला होतास की, फसवणूक नाही."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागं लागलाय. चाक खरं, नियम उघड, खेळणारा सज्ञान, पैसा त्याचा. मग चुकलं कुणाचं?

माझा हिशोब बरोबर होता, पण अर्धाच होता. २.७ टक्के हे एका डावाचे. तासात शंभराचे साठ डाव खेळले तर सहा हजार फिरतात आणि सरासरी १६२ रुपये जातात. फोनवर चाक थांबायची वाट बघावी लागत नाही. बोट चालेल तसे डाव. शिवाय चाकाला मागचं काही आठवत नाही, माणसाला आठवतं. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोत काळा रंग सलग २६ वेळा आला. आता लाल येणारच, म्हणून लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि बुडाले. भाऊही तेच म्हणायचा, "एवढं गेलंय, आता येणारच."

"शेती तरी काय वेगळी? पाऊस, भाव, सगळा जुगारच," असंही तो म्हणाला. मला ते पटत नाही. पाऊस दगा देतो, पण तो बुडावा म्हणून कुणी पावसाची घरं आखलेली नसतात. चाकाची आखलेली असतात. बाराच्या चाकावर दहा रुपये देताना मामाला उरलेल्या दोन रुपयांचा अर्थ ठाऊक होता.

आणि ज्याला तो अर्थ ठाऊक असतो, तो आपली माणसं लांब ठेवतो. १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लांनं मॉन्टे कार्लोचा कॅसिनो हाती घेतला. त्या चाकानं मोनॅको श्रीमंत झालं, पण मोनॅकोच्या नागरिकांना तिथं खेळायला मनाई आहे. पणजीत मांडवीवर कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. गोव्याच्या सरकारनंही २०२० मध्ये गोवेकरांना तिथं खेळायला बंदी केली. बाहेरच्यांनी यावं, घरच्यांनी नको. मामाची चापट आणि हे कायदे सारखेच. खेळ निरुपद्रवी असता तर घरच्यांना आधी बसवलं असतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलंच झालं. पण त्या दिवशी बंधाऱ्यावर कायदा नव्हता, मी होतो. भावाला गणित नको होतं. खेळू का, एवढंच विचारायचं होतं. मी खरं ते सांगितलं आणि त्याला जाऊ दिलं. मामा खोटं न बोलता लोकांचे पैसे घ्यायचा. मी पैसे घेतले नाहीत, पण खरं बोललो म्हणून सुटलो असंही मला वाटत नाही.

संभाव्यतेच्या धड्यात चाकाचं गणित येतं. आता ते सोडवून झाल्यावर मी पोरांना एक जादा प्रश्न घालतो: हे चाक ज्याचं आहे, तो स्वतःच्या भावाला इथं बसवेल का? परीक्षेत याला मार्क नाहीत. तरी पोरं थोडा वेळ गप्प होतात.