हौसेचा रकाना

ज्या वस्तूवाचून गेली कित्येक वर्षं आपलं काहीएक अडलेलं नाही, ती वस्तू आता अत्यावश्यक झाली आहे, हे बायकोला पटवून देण्याच्या कार्यक्रमाला आमच्या घरात ‘बजेट मांडणं’ म्हणतात. सरकारचं बजेट वर्षातून एकदा असतं, माझं चार-पाच वेळा असतं. शिवाय सरकारच्या समोरचा विरोधी पक्ष मेथी निवडता निवडता भाषण ऐकत नाही.

या खेपेची वस्तू होती फुल फ्रेम कॅमेरा.

माझ्याकडे कॅमेरा नाही असं नाही. 2014 साली घेतलेला एक चांगला धडधाकट कॅमेरा आहे. त्यानं मी शिरूरच्या पुलावरून पहाटेची घोडनदी टिपली आहे, मोराच्या चिंचोलीचे मोर टिपले आहेत, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे टिपले आहेत, आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभाही टिपल्या आहेत. मोर कधीकधी पाठमोरे आले आहेत आणि सभासद डोळे मिटलेले, पण त्यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. एकूण आमचं बरं चाललं होतं. पण एके दिवशी गावातल्या एका स्टुडिओवाल्या मित्रानं तो कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, “चांगला आहे. पण सेन्सर अर्धवट आहे.”

आमच्याकडे ‘अर्धवट’ हा शब्द वस्तूपेक्षा माणसालाच जास्त लावतात. त्यामुळे तो मला लागला.

मित्रानं मग गणित समजावलं. फुल फ्रेमचा सेन्सर 36 मिलिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर रुंद. माझ्यातला साधारण 24 बाय 16 चा. म्हणजे क्षेत्रफळात तो माझ्या सव्वादोनपट. जागा जास्त म्हणून उजेड जास्त गोळा होतो, म्हणून तिन्हीसांजेचे फोटो स्वच्छ येतात. मी घरी आलो तो या विचारानं खचूनच, की इतकी वर्षं आपण या जगाकडे निम्म्याहून कमी बघत होतो!

माझ्या नावावर पतसंस्थेत साठ हजारांची ठेव होती. हात फिरलेली एखादी फुल फ्रेम बॉडी पुण्यात पन्नास हजारांपर्यंत मिळते. म्हणजे दहा हजार उरतातच, असा माझा हिशेब. तो हिशेब दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कळलं, की माझ्या जुन्या लेन्स छोट्या सेन्सरच्या मापाच्या आहेत. नव्या बॉडीवर त्या बसवल्याच, तर फोटोचे चारी कोपरे काळे येणार. थोडक्यात, घोडा पन्नास हजारांत आणि खोगीर निराळं. खोगिराची किंमत घोड्याहून जास्त.

तरीही मी बजेट मांडलं. ही शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, “अहो, पण यात मोर मोठा दिसेल का?”

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण हौशी माणसाला माहिती सांगायचा मोह आवरत नाही. मी सांगून बसलो, की उलट आहे. छोटा सेन्सर चित्राचा फक्त मधला भाग उचलतो, त्यामुळे 300 च्या लेन्समधून 450 च्या लेन्सइतकं दिसतं. फुल फ्रेमवर तीच लेन्स 300 चीच राहते. तेव्हा तेवढ्याच अंतरावरचा मोर चौकटीत थोडा लहानच दिसेल.

मेथीची जुडी खाली ठेवून ही म्हणाली, “म्हणजे लाखभर रुपये घालून मोर लहान करून आणायचा!”

विरोधी पक्षाच्या एका वाक्यावर सरकार पडू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पण मी सहजासहजी राजीनामा देणारा नाही. पुढचे आठ दिवस मी निरनिराळे मुद्दे मांडले. ही गुंतवणूक आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेता येतील. (मला लग्नात फोटो काढायला कोण बोलावणार? मी सभासदांचे डोळे मिटलेले टिपणारा माणूस!) भिगवणला रोहित पक्षी येतात ते काय दरवर्षी आपल्यासाठी थांबणार आहेत? न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघालं की पुढे भिगवण काही लांब नाही. ही म्हणाली, “रोहित पक्ष्यांनी तुमचा सेन्सर मोजलाय का?” शेवटी मी ठेवणीतला दाखला काढला, दादासाहेब फाळक्यांचा. 1912 साली या माणसानं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, लंडन गाठलं आणि विल्यमसनचा कॅमेरा मिळवला. परत आल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडंथोडं चित्र घेत महिनाभरात रोप वाढताना दाखवलं. त्यांनी बजेट बघितलं असतं तर 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला असता का?

“आणि सरस्वतीबाईंचे दागिने?” ही म्हणाली.

फाळक्यांच्या पत्नीनं दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या दाखल्यात मी ते घेतलं नव्हतं. माझा दाखलाही जरा छोट्या सेन्सरचाच होता म्हणायचा. फक्त मधला भाग उचलणारा.

तेव्हा पुरावा शोधायला मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. 2014 चा कॅमेरा आपल्याला कसा सहज परवडला होता, हे हिच्याच जुन्या जमाखर्चाच्या वह्यांतून दाखवून द्यावं, असा माझा बेत. ट्रंक उघडली तर वरच वडिलांचा ‘आग्फा क्लिक थ्री’. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात तो असेल. ऊन आणि ढग, यापलीकडे हवामानाचे प्रकार असतात हे त्याला माहीत नसायचं. एका रोलमध्ये बारा फोटो. त्या बारांत आमच्याकडे दिवाळी, एक मुंज आणि रांजणगावच्या महागणपतीची सहल बसायची, वर एखादा उरायचाही. तो उरलेला फोटो कशावर खर्चावा यावर घरात रात्रभर विचारविनिमय चाले.

त्याच्या शेजारी निगेटिव्हचं पाकीट होतं. सहज एक उजेडात धरली, आणि सवय लागलेली म्हणून पट्टीनं मोजली. जवळजवळ सहा सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद. मी पुन्हा मोजली. ज्या फुल फ्रेमसाठी मी आठ दिवस अन्न गोड लागू दिलं नव्हतं, तिच्या साडेतीनपटीहून मोठी! वडील आयुष्यभर त्या डबीनं फोटो काढत राहिले, आणि आपण भल्याभल्यांच्या पुढे आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मग मला आठवलं, ते 36 बाय 24 आलं कुठून ते. जर्मनीत सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक कसबी माणूस होता. दम्याचा आजारी. मोठा कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढवेना म्हणून त्यानं सिनेमाची फिल्म घेतली, आडवी केली, दोन चौकटींची मिळून एक चौकट धरली आणि खिशात मावेल असा कॅमेरा केला. 1925 मध्ये तो लायका या नावानं बाजारात आला. तेव्हा मोठ्या काचांवर फोटो काढणारी मंडळी या एवढ्याशा चौकटीला हसली असणार. त्या फिल्मला जर्मनीत नाव पडलं ते ‘लहान चित्राची फिल्म’. पुढे डिजिटलच्या काळात मोठा सेन्सर बनवणं फार महाग पडे म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत त्याहून लहान सेन्सर आले, आणि जे कालपर्यंत लहान होतं ते एका रात्रीत ‘फुल’ झालं. वाड्यातली अडगळीची खोली फ्लॅटमध्ये ‘मास्टर बेडरूम’ होते, त्यातलाच प्रकार.

‘पुरा’ आणि ‘पुरे’ हे शब्द आपल्या भाषेत सख्खे भाऊ आहेत. पुरा म्हणजे पूर्ण, पुरे म्हणजे बस्स. घरोघरी होतं तसं त्यांचं मात्र एकमेकांशी पटत नाही. जो पुऱ्याच्या मागे लागला त्याच्या तोंडी पुरे येत नाही, कारण पुऱ्याचं माप दर दहा वर्षांनी बदलतं. तेव्हा फुल फ्रेम ही माझी गरज नव्हती, हे पट्टीनंच सिद्ध केलं. ती हौस होती.

मग हौस करू नये का? तर तसं मी मुळीच म्हणत नाही. गरजांपुरतं जगायचं तर बैलालाही जमतं. कडबा, पाणी, गोठा. ‘वासना सोडा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशात माझ्याहून महाग फोन असतो. हौस हा गुन्हा नाही. गुन्हा कोणता, ते ट्रंकेत खाली होतं.

खाली हिच्या वह्या होत्या. प्रत्येक वर्षाच्या पहिल्या पानावर दोन रकाने, ‘आवश्यक’ आणि ‘जमल्यास’. अक्षर हिचं, मजकूर मी सांगितलेला. 1996 ला आवश्यकमध्ये स्कूटर. (माझं ऑफिस चालत दहा मिनिटांवर होतं.) 2003 ला आवश्यकमध्ये कॉम्प्युटर. (त्यावर मी मुख्यतः पत्ते खेळलो.) 2014 ला आवश्यकमध्ये कॅमेरा. मी विजयी मुद्रेनं पानाला खूण घालणार, तेवढ्यात शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं. जमल्यास : पेटी. मी 1996 उघडली. जमल्यास : पेटी. 2003 उघडली. पेटी. मधली एकही वही चुकली नव्हती.

हिचं माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टर्समधलं. लग्नाआधी ही पेटी शिकत होती, गाड्यांच्या शिट्ट्यांत सूर धरून. ते मला माहीत होतं. म्हणजे आपल्याला भूगोल माहीत असतो तसं.

शिरूरच्या एस. टी. स्टँडवर गाडी लागली, की रांगेतली चार माणसं दारातून चढायला लागेपर्यंत एखादा इसम बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकतो आणि जागा धरतो. मग तो सावकाश चढतो आणि आधी उभ्या असलेल्या बाईला अतिशय सभ्यपणे सांगतो, “जागा धरलीय.” माझा ‘आवश्यक’ हा शब्द म्हणजे तो रुमाल होता. पैसे मी कुणाचे चोरले नव्हते. नंबर चोरला होता. हौसेला हौस म्हटलं की ती मुकाट्यानं रांगेत उभी राहते. तिला गरज म्हटलं, की ती रांग मोडते आणि कुणाची तरी दुसरी हौस एक पाऊल मागे सरकते. आमच्या घरात माझ्या हौसांना गरज म्हणत आणि हिच्या गरजांनाही हौस. गुडघ्याचा पट्टासुद्धा मला ‘जमल्यास’मध्ये सापडला.

‘पण तिनं कधी मागितली नाही,’ असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मागितली नाही हे खरं. दरवर्षी लिहिली मात्र होती. न मागणाऱ्याला काही नको असतं, ही समजूत मागणाऱ्याच्या फार सोयीची असते.

संध्याकाळी मी हिला विचारलं, “तुला अजून पेटी हवीय का गं?”

“आता काय करायचीय? मांडी कुठे घालता येते मला!” ही म्हणाली आणि आत गेली. आतून फोडणीचा आवाज आला. मग पळीचा. मग बऱ्याच वेळानं हिचा. “टेबलावर ठेवूनही वाजवता येते म्हणे.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याहून पेटी आणली. मी फार मोठा त्याग केला असं कृपा करून समजू नका. रुमाल उचलून घेणाऱ्याला कुणी दाता म्हणत नाही. शिवाय पेटीचे पैसे जाऊनही ठेवीत चाळीस हजार शिल्लक आहेत आणि माझं लक्ष अजून त्यांच्यावर आहे. फक्त या वर्षीच्या वहीत ‘फुल फ्रेम’ मी स्वतःच्या हातानं ‘जमल्यास’च्या रकान्यात लिहिली आहे. लिहिताना हात जड झाला, हे खोटं कशाला सांगू?

परवा तिन्हीसांजेला लाइट गेले होते. खिडकीशी टेबलावर पेटी ठेवून ही चाचपडत सारेगम वाजवत होती. वरच्या सा पर्यंत नीट जायची आणि उतरताना हटकून धैवतावर अडखळायची. मी हळूच कॅमेरा काढला. उजेड नव्हताच, म्हणून आयएसओ वाढवत नेला. फोटो आला, पण तुपासारखा रवाळ. चेहरा ओळखू येतो, बोटं मात्र अंधारात विरघळली आहेत.

मी तो तिला दाखवला आणि न राहवून म्हणालो, “बघ, फुल फ्रेम असता तर बोटंही आली असती.”

तिनं फोटो जरा लांब धरून पाहिला, परत दिला आणि पेटीचा भाता ओढत म्हणाली, “पुढच्या वर्षी. जमल्यास.”