दोन प्रती, एक ‘श्यामची आई’

संगणकाची भाषा शिकायला बसलेली एक मुलगी आयुष्यातला पहिला क्लास लिहिते आहे. भाषा पायथन, विषय ग्रंथालय. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही चालतात, म्हणून क्लासचे नाव तिने सरळ ‘पुस्तक’ ठेवले आहे. आत दोनच गोष्टी, शीर्षक आणि लेखक. जेमतेम चार ओळी. त्या साच्यातून ती दोन ऑब्जेक्ट घडवते. दोन्हींचे शीर्षक ‘श्यामची आई’, दोन्हींचे लेखक साने गुरुजी. मग सहज म्हणून दुहेरी बरोबरचिन्ह टाकून ती यंत्राला विचारते, ही दोन्ही समान आहेत का?

यंत्र म्हणते, नाहीत.

शिकवणारे बहुधा इथे सांगतात की दोन्ही ऑब्जेक्ट मेमरीत वेगवेगळ्या जागी आहेत, आणि पुढच्या धड्याकडे वळतात. उत्तर बरोबर आहे, पण मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्यांच्यात एकही फरक दाखवता येत नाही, त्या वस्तू ‘दोन’ कशा? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे, आणि पहिला क्लास लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो नकळत सोडवावा लागतो.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांचे ठाम मत होते की सर्व गुणांनी तंतोतंत सारख्या दोन वस्तू जगात असूच शकत नाहीत. हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेत राजघराण्यातील सोफी यांच्यासमोर हा विषय निघाला, तेव्हा एका गृहस्थाला ते पटेना. दोन हुबेहूब पाने शोधून दाखवा, असे सोफींनी त्याला सांगितले. तो बागभर फिरला आणि त्याला ती मिळाली नाहीत. ही हकीकत लायब्निझ यांनीच लिहून ठेवली आहे. आपल्या मुलीने मात्र तशी दोन पाने अर्ध्या मिनिटात तयार केली.

कणादांच्या वैशेषिक परंपरेने हाच पेच दुसऱ्या बाजूने सोडवला होता. दोन घडे त्यांच्या अवयवांवरून वेगळे ओळखता येतात. पण पृथ्वीचे दोन परमाणू? अवयव नाहीत, गुण सारखे, जात एक. तरीही ते दोन आहेत, हे म्हणणे वैशेषिकांना सोडायचे नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक नित्य द्रव्यात ‘विशेष’ नावाचा पदार्थ मानला. त्याचे काम एवढेच की हा तो नव्हे, हे टिकवून धरायचे. या दर्शनाचे नाव त्यावरूनच पडले असे परंपरा सांगते. पायथनमध्येही प्रत्येक ऑब्जेक्टला, तो अस्तित्वात असेपर्यंत, ओळखीचा एक क्रमांक असतो. शीर्षक बदला, लेखक बदला, हा क्रमांक तोच राहतो. ग्रंथपालाला यात नवल वाटणार नाही. त्याच्या नोंदवहीत एकाच पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक मिळतो, तो याचसाठी.

मग ‘पुस्तक’ हा क्लास म्हणजे काय? वैशेषिक म्हणतील, ते सामान्य. अनेक व्यक्तींत एकाच वेळी राहणारी एक जात. या सामान्यांचीही उतरंड आहे. घटत्वाच्या वर पृथ्वीत्व, त्याच्या वर द्रव्यत्व आणि सर्वांच्या वर सत्ता, म्हणजे नुसते ‘असणे’. पायथनमध्ये कोणताही क्लास लिहा, काही न सांगता तो ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या मूळ क्लासचा वंशज ठरतो. त्या मूळ क्लासविषयी फार काही बोलता येत नाही, कारण तो सगळ्यांनाच लागू पडतो. सत्तेचेही तसेच आहे.

साम्य इथवर येते आणि थांबते. वैशेषिकांची जात नित्य आहे, ती कुणी घडवलेली नाही. मुलीचा क्लास तिने आज दुपारी घडवला. जातीत काय ठेवायचे आणि व्यक्तीत काय, हे तिलाच ठरवायचे आहे, आणि दुसऱ्याच दिवशी तिथे तिची चूक होते.

पुस्तक कोणी कोणी नेले याची यादी हवी म्हणून ती क्लासमध्ये एक रिकामी यादी ठेवते. पहिल्या प्रतीच्या यादीत एका वाचकाचे नाव घालते. दुसऱ्या प्रतीची यादी उघडून पाहते, तर तेच नाव तिथेही! एकाने एक प्रत नेली आणि नोंद दोन्ही गेल्याची झाली. नवशिक्यांची ही फार ओळखीची चूक आहे. कारण साधे आहे. यादी क्लासच्या अंगात लिहिली गेली, त्यामुळे ती सर्व प्रतींची एकच झाली. ऑब्जेक्ट जन्माला येताना चालणाऱ्या ‘इनिट’ या मेथडमध्ये, ‘सेल्फ’ला जोडून लिहिली असती, तर प्रत्येक प्रतीला आपली यादी मिळाली असती. ‘सेल्फ’ हे नाव निव्वळ रिवाजाचे आहे. तिने त्या जागी ‘स्वतः’ लिहिले तरी चालते. मेथड एकदाच लिहिली जाते, क्लासमध्ये राहते, आणि प्रत्येक हाकेला ज्या प्रतीने हाक दिली ती प्रत तिच्या हाती सोपवली जाते. सामान्य आणि व्यक्ती यांचा संबंध कसा जुळतो, या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. इथे तो कंसातल्या एका शब्दात दिसतो.

हे सगळे सुरू झाले ते नॉर्वेत. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड खऱ्या जगातल्या घडामोडी संगणकावर उभ्या करणारी ‘सिम्युला’ ही भाषा घडवत होते. १९६६-६७च्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर एक उदाहरण होते. पुलाचा टोलनाका आणि रांगेत थांबलेले ट्रक, बस, मोटारी. रांगेत उभे राहणे सगळ्यांचे सारखे, बाकी प्रत्येकाचे वेगळे. सारखे असेल ते एकदाच लिहावे आणि वेगळे त्याच्यापुढे जोडावे, या विचारातून क्लास आणि उपक्लास आले. या कामासाठी दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००२च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

टोलनाक्यावर वर्गवारी सोपी दिसते. ती कुठे अडते, याचा नकाशा मिथिलेच्या उदयनाचार्यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काढून ठेवला होता. कोणताही समान धर्म दिसला की त्याला जात म्हणता येत नाही, असे सांगून त्यांनी सहा अडथळे मोजले. त्यांपैकी ‘संकर’ आजच्या प्रोग्रामरला लगेच कळेल. भूतत्व, म्हणजे महाभूत असणे, आणि मूर्तत्व, म्हणजे मर्यादित आकाराचे असणे, हे दोन धर्म घ्या. पृथ्वी, जल, तेज, वायू या दोन्हींत बसतात. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही. एकमेकांना असे अर्धवट छेदणारे दोन धर्म एकाच वेळी जाती होऊ शकत नाहीत, असा उदयनांचा निर्णय. १९९५मध्ये आलेल्या जावा भाषेने एका क्लासला दोन पितृक्लास घ्यायला बंदी केली, ती अशाच गोंधळाच्या धास्तीने. पायथन परवानगी देते, मात्र सर्व पूर्वजांना एका सुसंगत रांगेत बसवून पाहते. रांग लागली नाही तर तो क्लास जन्मालाच येऊ देत नाही.

दुसरा अडथळा ‘अनवस्था’. जातीला जात मानली तर तिलाही जात, मग तिलाही, शेवटच नाही. उदयनांनी पहिल्याच पायरीवर दार बंद केले, जातीला जात नसते. पायथनमध्ये क्लास हा स्वतःही एक ऑब्जेक्टच असतो. त्याचा क्लास ‘टाइप’. आणि ‘टाइप’चा क्लास? पुन्हा ‘टाइप’च. साखळी लांबत नाही, ती स्वतःभोवती मिटते. दोन्ही उत्तरांत उदयनांचे अधिक प्रामाणिक वाटते. पायथनचे उत्तर चालते, पण ते समजावून सांगत नाही.

जात असतेच कशावरून, असे बौद्ध तार्किकांनी विचारले. दिङ्नागांच्या मते ‘गाय’ हा शब्द गोत्व नावाची कोणतीही वस्तू दाखवत नाही. जे गाय नाही ते सारे तो बाजूला सारतो. धर्मकीर्तींनी खरेपणाची कसोटीच कार्यक्षमतेत शोधली. जे काही करू शकते, ते खरे. पायथनमध्ये मुरलेले लोक रोज असेच वागतात. समोरचा ऑब्जेक्ट ‘पुस्तक’ आहे की मासिक, हे न विचारता त्याला ‘दे’ म्हणतात. त्याला देता आले तर काम झाले. १९८७मध्ये डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी ‘सेल्फ’ नावाची भाषाच क्लासशिवाय मांडली, आणि तिची छाप पुढे जावास्क्रिप्टवर पडली.

मराठी माणूस ‘जात’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्याला न्यायशास्त्र आठवत नाही. म्हणून हा वाद ग्रंथालयाच्या चार भिंतींत ठेवता येत नाही. ‘पुस्तक’ऐवजी ‘व्यक्ती’ असा क्लास लिहिला की त्यातला प्रत्येक रकाना कुणाच्या तरी आयुष्याविषयी बोलू लागतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही रचना आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली की आईला त्यात जागाच नव्हती. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांवर सक्तीचा केला. लिंगाचा रकाना ‘पुरुष आहे का, हो किंवा नाही’ असा लिहून ठेवलेला प्रोग्राम १५ एप्रिल २०१४ रोजी चुकीचा ठरला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. माणसे त्या तारखेआधीही होतीच. त्यांना सामावून घेणारा क्लास कोणी लिहिला नव्हता.

मुलगी आपल्या ‘पुस्तक’कडे परतते. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८मध्ये मांडलेल्या आराखड्यात ‘पुस्तक’ या एका शब्दाचे चार थर केलेले आहेत. लेखकाची कृती, तिची विशिष्ट भाषेतली अभिव्यक्ती, तिची छापील आवृत्ती आणि हातात धरायची प्रत. इतके सारे तिला सध्या नको आहे. ती क्लासचे दोन भाग करते, ‘ग्रंथ’ आणि ‘प्रत’. समानता कशी ठरवायची हे यंत्राला सांगणारी मेथड दोन्हींत स्वतः लिहिते. ग्रंथासाठी शीर्षक आणि लेखक जुळले की पुरे. वाचक ‘श्यामची आई आहे का’ विचारतो तेव्हा त्याला कोणतीही प्रत चालते. प्रतीसाठी दाखल क्रमांक. पान फाटले ते कोणत्या प्रतीचे, हे ग्रंथपालाला कळायला हवे.

तिसऱ्या दिवशी नोंदीसाठी ‘श्यामची आई’चा इंग्रजी अनुवाद येतो, आणि ती ‘ग्रंथ’ पुन्हा उघडते.