धन्यवाद म्हणून झाल्यावर

अमेरिकेत काही वर्षं काढली की काही वाक्यं आपोआप तोंडात बसतात. 'हॅव अ गुड वन', 'नो वरीज', आणि माजी सैनिकाची टोपी घातलेलं कोणी समोर आलं की 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस'. विमानतळावर गणवेशातल्या माणसांना रांगेत पुढे सोडतात. बॉलगेमच्या मधल्या वेळात एखाद्या माजी सैनिकाला उभं करतात आणि अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवतं. आपणही वाजवतो, आणि मनापासून वाजवतो. पण हे वाक्य म्हटल्यावर नेमकं काय होतं? ऋण थोडं फिटतं, की ऋणाचा विषयच संपतो?

आमच्या नोव्हायमध्ये मराठी माणसाचा शनिवार-रविवार साधारण ठरलेला असतो. मुलांचे क्लासेस, इंडियन ग्रोसरी, वेंकटेश्वराचं देऊळ, ट्वेल्व्ह ओक्स मॉल, आणि महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असला तर तो. या येण्या-जाण्यात कुठेतरी एक बैठी इमारत लागते. समोर ध्वजस्तंभ, त्यावर राष्ट्रध्वज आणि त्याखाली युद्धकैदी व बेपत्ता सैनिकांसाठीचा काळा झेंडा. बाहेरच्या पाटीवर 'शुक्रवारी फिश फ्राय' असं काहीतरी लिहिलेलं. अमेरिकेत गावोगावी माजी सैनिकांचे असे क्लब असतात, आणि आपण वर्षानुवर्षं त्यांच्यावरून गाडी नेतो. हे आपलं नव्हे, असं आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं.

या क्लबांची मुळं जुनी आहेत. 'व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स' ही संस्था सुरू झाली १८९९ साली. स्पेनशी झालेल्या युद्धातून परतलेल्या सैनिकांना ना धड उपचार मिळत होते ना पेन्शन, म्हणून ते स्वतःच एकत्र आले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, 'अमेरिकन लिजन' निघाली. घरी परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज मिळवून देणारा १९४४ चा 'जी. आय. बिल' कायदा मुख्यतः लिजनने लावून धरला होता. म्हणजे हे क्लब जुन्या आठवणींच्या गप्पांसाठी निघाले नव्हते. धन्यवाद मिळाले पण बाकी काही मिळेना, अशा माणसांनी ते काढले होते.

नोव्हायच्या आसपासच्या अशाच एका क्लबात मी गेली काही वर्षं महिन्यातून एक-दोनदा मदतीला जातो. सभासदांची मासिक बैठक असते, तिथे आमच्यासारख्यांचं काम नाही. तिथे पोस्टचा कमांडर असतो, हिशेब पाहणारा क्वार्टरमास्टर असतो, प्रार्थनेपुरता चॅप्लेन असतो. मिनिटं वाचली जातात आणि बॉयलरच्या दुरुस्तीवर वाद होतो. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत बसलेल्या कोणालाही ते सगळं ओळखीचं वाटेल. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गावासाठी पॅनकेकची न्याहारी असते. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी तळलेले मासे. मधूनच बिंगो. मे महिन्यात मेमोरियल डेच्या आधी दुकानांच्या दारात लाल पॉपीची कागदी फुलं घेऊन उभं राहायचं, आणि दफनभूमीत प्रत्येक सैनिकाच्या थडग्याशी छोटा झेंडा रोवायचा. १४ जूनच्या ध्वजदिनाच्या सुमारास, गावाने वर्षभर आणून टाकलेले फाटके-विटके झेंडे रीतसर जाळायचे. शरद ऋतूत शाळकरी मुलांची निबंधस्पर्धा. यातून जमणारे पैसे इमारतीच्या बिलांना जातात, आणि कोणाच्या घराची बंद पडलेली फर्नेस दुरुस्त करायला किंवा कोणाला अ‍ॅन आर्बरच्या व्ही. ए. हॉस्पिटलात न्यायच्या पेट्रोलला.

माझं काम बटाटे सोलणं, टेबलं पुसणं, खुर्च्या मांडणं आणि शेवटी त्या पुन्हा रचून ठेवणं. गणेशोत्सवात जे करतो तेच.

तिथे जाताना माझी समजूत अशी होती की आपण माजी सैनिकांची सेवा करायला चाललो आहोत. पहिल्याच महिन्यात दिसलं की तिथे सेवा करणारे तेच आहेत. तव्यासमोर उभा असलेला माणूस व्हिएतनामहून आलेला, वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे बदललेले. मासे तळणारा इराकला जाऊन आलेला. ताटं घेऊन बसलेले गावकरी, बहुतेक कधीही कुठल्याही सैन्यात नसलेले. कोण कोणाचे आभार मानतंय, हेच कळेनासं होतं.

अंत्यविधीचं उदाहरण घ्या. सन २००० पासून अमेरिकेत कायदा आहे की सन्मानाने निवृत्त झालेल्या प्रत्येक सैनिकाच्या अंत्यविधीला, कुटुंबाने मागणी केली तर, किमान दोन गणवेशधारी हजर राहतील, झेंडा घडी करून कुटुंबाच्या हाती देतील आणि 'टॅप्स'ची धून वाजेल. कायदा एवढंच बांधून देतो. त्यापुढची बंदुकांची सलामी पुष्कळदा अशा क्लबांतले म्हातारे स्वयंसेवकच देतात. मिशिगनच्या थंडीत, ज्याला आयुष्यात कधी भेटलेही नाहीत अशा माणसासाठी. होलीला 'ग्रेट लेक्स नॅशनल सेमेटरी' आहे, नोव्हायहून फार लांब नाही. जानेवारीत एकदा तिथे जाऊन वाऱ्यात दहा मिनिटं उभं राहून पाहावं, म्हणजे या कामाची कल्पना येते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. आपल्यातले पुष्कळ जण, मोकळेपणाने बोलायचं तर, म्हणतील की ही युद्धं आपली नव्हेत. व्हिएतनाम चुकीचं होतं, इराकही. तिथे जाऊन मदत करणं म्हणजे त्या युद्धांना मान देणं नाही का? आणि आपल्या बाबतीत हा प्रश्न आणखी जवळचा आहे. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, निक्सन यांनी विमानवाहू 'एंटरप्राइज'च्या नेतृत्वाखाली युद्धनौकांचा ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला होता. माझे मामा तेव्हा पूर्व आघाडीवर होते. आमच्या आजोळी आजही त्या पंधरवड्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो.

क्लबातल्या एका आजोबांना मी हे एकदा सांगितलं. ते त्या वर्षी पॅसिफिकमध्ये, एका जहाजाच्या इंजिनखोलीत होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आम्हाला कुठे नेतायत ते विचारायची पद्धत नव्हती. आणि लगेच विचारलं, "तुमचे मामा नीट परत आले ना?" मी म्हटलं, आले. ते म्हणाले, "मग बरं झालं," आणि परत कांदा चिरायला लागले.

या उत्तराने निक्सन यांचा निर्णय बरोबर ठरत नाही. पण जहाज कुठे जाणार हे ठरवणारे लोक वेगळे होते आणि इंजिनखोलीत घाम गाळणारे वेगळे, हे मात्र स्वच्छ दिसतं. लोकशाहीत ठरवणाऱ्यांना निवडून कोण देतं? मतदार. युद्धाचे पैसे कोण भरतं? करदाते. म्हणजे आपण. आपल्यातले ज्यांनी नागरिकत्व घेतलं आहे, त्यांनी हात वर करून जी शपथ घेतली, तिच्यात तीन वचनं आहेत: कायद्याने मागणी केली तर देशासाठी शस्त्र उचलेन, तशीच वेळ आली तर सैन्यात बिनशस्त्र सेवा करेन, आणि तशीच वेळ आली तर नागरी देखरेखीखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम करेन. त्या दिवशी आपलं लक्ष बहुधा फोटोकडे असतं. पण वचन दिलेलं असतं. ज्यांनी नागरिकत्व घेतलेलं नाही तेही यातून पूर्ण सुटत नाहीत. ग्रीन कार्डवर असलेल्या घरांतल्या मुलांनाही अठराव्या वर्षी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवावं लागतं.

१९७३ साली सक्तीची भरती थांबली. तेव्हापासून आपल्या वाटचं ते पहिलं वचन दुसरेच कोणीतरी पाळतात. देशाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी लोक आज सैन्यात आहेत. उरलेल्या नव्व्याण्णवांकडे राहतं ते 'थँक यू' हे वाक्य. म्हणूनच ते इतकं गुळगुळीत झालं असावं. आपल्या जागी कोणीतरी गेलं, हे टोचू नये म्हणून ते पटकन म्हटलं जातं.

युद्ध चुकीचं होतं असं ज्याला वाटतं, त्याने तर या क्लबापासून दूर राहण्याऐवजी तिथे आवर्जून जावं, असं माझं मत झालं आहे. चुकीच्या युद्धाचा भार सैनिकावर टाकून मतदार मोकळा झाला, तर पुढचं चुकीचं युद्ध आणखी सोपं होतं. त्या युद्धाने माणसाचं काय केलं, हे न्याहारीच्या टेबलावर समोर बसलेलं असतं. कोणी दाराकडे पाठ करून कधीच बसत नाही. कोणी चार जुलैच्या फटाक्यांना गाव सोडून उत्तरेला जातो. हे पाहिलेला माणूस मत देताना थोडा जास्त वेळ थांबेल.

देशाने नाकारलेल्याची सेवा काय असते, याचं आपल्याच उपखंडातलं उदाहरण आहे. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले आणि सन्मानाने निवृत्त झाले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकही होऊ शकत नाहीत. १९३५ साली आशियाई वंशाच्या माजी सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा झाला, तेव्हा कुठे त्यांना १९३६ मध्ये ते मिळालं. तो कायदा होण्यामागे माजी सैनिकांच्या संघटनांनी दिलेला पाठिंबाही होता. थिंद यांचा गणवेश कोर्टाला पुरेसा वाटला नाही, पण सोबत गणवेश घातलेल्यांना पुरेसा वाटला.

आणि हे सगळं अमेरिकेपुरतं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. ते कोणाचं युद्ध लढले? इंग्रजांचं. पण गावाने 'ते युद्ध आमचं नव्हतं' असं म्हणून त्या ४६ जणांना परकं केलं नाही. युद्ध कोणाचंही असो, माणसं गावची होती. बाकीच्या आपण मात्र शाळेत ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा कागदी झेंडा खिशाला लावला आणि संध्याकाळी शर्ट धुवायला टाकला. ही सवय आपण इथे येऊन शिकलेलो नाही, घरूनच आणली आहे.

क्लबाच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात एक छोटं टेबल कायम मांडलेलं असतं. पांढरं कापड, एक लाल गुलाब, बशीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, उपडा ग्लास, रिकामी खुर्ची. परत न आलेल्यांसाठी. त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. पितृपक्षात पान वाढून ठेवणाऱ्या घरातला मी. जो येणार नाही त्याची जागा राखणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आपल्या परंपरेत ऋण ही जन्मासोबत येणारी गोष्ट मानली आहे. आपण न काढलेलं, तरी आपलं. आणि ते पूर्ण फिटत नाही, म्हणून दरवर्षी पुन्हा पान वाढायचं असतं. फिटलं असतं तर एकदाच वाढून भागलं असतं.

'धन्यवाद' आणि खुर्च्या रचणं यांतला फरक मला इथे सापडतो. धन्यवाद हिशेब मिटवतो. सोबत काम केलं की तो उघडा राहतो. एकत्र बटाटे सोलताना आदर दाखवायला वेळच नसतो. माणूस दिसतो, त्याची कुरकुर ऐकू येते, त्याची राजकीय मतं पटत नाहीत, त्याचे विनोद कधीकधी खटकतात. माणूस पुतळ्याच्या चौथऱ्यावरून खाली येतो, आणि मगच आपलं त्याचं काही देणं लागतं.

या क्लबांतले सभासद म्हातारे होत चालले आहेत. पुष्कळ ठिकाणी नवे लोक येत नाहीत, इमारती विकल्या जातात. आपल्याकडे हात आहेत, शनिवार आहेत, आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक न घाबरता करण्याचा मोठा अनुभव आहे. त्यासाठी युद्धांवरची मतं बदलावी लागत नाहीत आणि छातीवर हात ठेवून भाषणही करावं लागत नाही. शपथेतलं ते तिसरं वचन आठवतं? नागरी देखरेखीखालचं राष्ट्रीय महत्त्वाचं काम. सरकारला ते लिहिताना कांदा चिरणं नक्कीच अभिप्रेत नसणार. पण महिन्यातून एका रविवारी, सकाळी सात वाजता, ते करायला कोणाची परवानगीही लागत नाही.