सम्यक वाचा आणि बोलण्याचे स्वातंत्र्य



वेंगुर्ल्यासारख्या गावात वाडीला वाडी लागून असते. बाजार आणि बंदर सर्वांचे एकच. अशा ठिकाणी धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे बोलण्याचा प्रश्न लवकरच उभा राहतो. ‘तुमच्या बावीस प्रतिज्ञांनी आमच्या भावना दुखावतात,’ असे शेजारी म्हणाला तर काय उत्तर द्यावे?

तथागतांना राजगृहात अभय राजकुमाराने असाच पेच घातला होता. दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे तथागत बोलतात काय? राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला मुलाची दया येते. तथागतांनी सांगितले, जे असत्य वा अहितकारक, ते गोड असले तरी मी बोलत नाही. जे सत्य व हितकारक, ते कटू असले तरी योग्य वेळ पाहून बोलतो.

म्हणजे ऐकणाऱ्याला राग आला की नाही, ही कसोटी नव्हे. सत्य, हित, वेळ आणि करुणा ही कसोटी आहे.

परमपूज्य बाबासाहेबांची वाणी अडविण्याचे प्रयत्न थोडे झाले नाहीत. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांचे अध्यक्षीय भाषण झेपले नाही, आणि परिषदच रद्द झाली. ही बंदी सरकारची नव्हती. छापखाना आणि व्यासपीठ ज्यांच्या हाती होते त्यांची होती. बाबासाहेबांनी भाषणातला विचार सोडला नाही. ते स्वखर्चाने छापून लोकांपुढे ठेवले.

महापरिनिर्वाणानंतरही हेच घडले. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले. राम-कृष्णावरील प्रकरण गाळा, अशी मागणी झाली. १९८८ साली मुंबईत दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. अखेर प्रकरण राहिले. शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडली गेली. मत पटत नसेल तर शेजारी आपले मत मांडावे, पान फाडू नये.

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि वाजवी मर्यादाही घातल्या. ग्रंथाची चिकित्सा करणे वेगळे आणि माणसाला जातीवरून चारचौघांत अपमानित करणे वेगळे. दुसऱ्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. असा अपमान झाला तर हात उगारू नका, गप्पही बसू नका, तक्रार नोंदवा.

हीच मर्यादा आपल्यालाही आहे. प्रतिज्ञा म्हणजे मी काय मानणार नाही याचा निर्धार. तो मोठ्याने सांगण्यात लाज नाही. परंतु शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून हसणे ही प्रतिज्ञा नव्हे; ती परुष वाचा आहे. आणि कोणी बुद्धाची निंदा केली तर? ब्रह्मजाल सुत्तात तथागत सांगतात की रागावू नका. जे खोटे आहे ते खोटे कसे, एवढे समजावून सांगा. रागावलेल्याला खरे-खोटे कळत नाही.

मुलांना हे घरातच शिकवा. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येकाने स्वतःला विचारावे : या पंधरवड्यात मी सत्य बोललो काय, आणि ते कोणाच्या हितासाठी?

सर्वांचे मंगल होवो.